पंखातली पेट्रोलची टाकी गळते की नाही हे नेमकं कसं ठरवायचं? (घरी बांधलेलं विमान)

पत्रा_आणि_रिव्हेट | सोमवार, सकाळी ७:१५

नमस्कार मंडळी. दोन आसनी, अ‍ॅल्युमिनियमचं, रिव्हेटने जोडलेलं विमान. टाक्या पंखाच्या पुढच्या कडेत आहेत, म्हणजे पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत. एका बाजूला ७० लिटर. आतून सगळे सांधे आणि रिव्हेटची डोकी पॉलिसल्फाइड सीलंटने भरलीत, शेवटचा हात मारून पंधरा दिवस झाले.

काल संध्याकाळी ६ वाजता दोन्ही टाक्यांत हवा भरली. पारदर्शक नळीत पाणी घालून यू-ट्यूब केली आहे, दोन बाजूंच्या पाण्यात ६० सेंमी फरक ठेवला. आज सकाळी ६ वाजता डावीकडे २२ सेंमी, उजवीकडे ४ सेंमी.

म्हणजे दोन्ही गळतात, असंच ना? मागची भिंत उघडायची तर शंभराहून जास्त रिव्हेट ड्रिल करून काढावे लागतील. त्याआधी विचारतो. आणि दाब किती ठेवावा यावर एकमत दिसत नाही, कुणी फुगा म्हणतं, कुणी साडेतीन पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच).

हवापाणी | सोमवार, ७:४०

ड्रिल खाली ठेव. आधी सांग, संध्याकाळी टाकीच्या पत्र्याचं तापमान किती होतं आणि सकाळी किती?

शिरोली_साचा | सोमवार, ८:०५

भावा, फौंड्रीत कास्टिंगची गळती बघायला आम्ही हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवतो. बुडबुडा आला की खडूने खूण. दोन मिनिटांचं काम. टाकीला का चालू नये?

कॉर्क_गास्केट | सोमवार, ८:३०

@शिरोली_साचा, दोन कारणं. सत्तर लिटरची बंद टाकी पाण्यात ढकलायची तर सत्तर किलोचा उचल येतो, टाकीचं वजन दहाएक किलो वजा केलं तरी साठ किलो वरून दाबून धरावे लागतात. अर्धा मिलिमीटरच्या पत्र्याला कुठे पकडणार? दुसरं, गळती असेल तर पाणी सांध्यात शिरतं. दोन पत्र्यांच्या फटीतलं पाणी लवकर वाळत नाही आणि ओल्या सांध्यावर सीलंट धरत नाही. कास्टिंगला फट नसते, म्हणून तिथे हौद बरोबर आहे.

शिरोली_साचा | सोमवार, ८:३६

पटलं. साठ किलोचा विचार केला नव्हता.

पत्रा_आणि_रिव्हेट | सोमवार, ९:१०

@हवापाणी, शेड पत्र्याची. टाकीला चिकटवलेला डिजिटल थर्मामीटर संध्याकाळी ३३ दाखवत होता, सकाळी २२.

हवापाणी | सोमवार, ९:५५

मग तुझी डावी टाकी जवळजवळ घट्ट आहे. हिशोब बघ.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचावर. इथला हवेचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर साधारण ९६० सेंमी. टाकीत तू त्यावर ६० भरलेस, म्हणजे आतला एकूण दाब १०२०. बंद भांड्यातल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. ३३ अंश म्हणजे ३०६ केल्व्हिन, २२ म्हणजे २९५. १०२० गुणिले २९५ भागिले ३०६, उत्तर ९८३. त्यातून बाहेरचे ९६० वजा कर: २३ उरतात.

एक थेंब हवा गेली नसती तरी नळीने २३ दाखवले असते. डावीने २२ दाखवले. उजवीने ४, म्हणजे १९ सेंमी खरोखर गेले.

लक्षात ठेवायला सोपा आकडा: एक अंश सेल्सिअसला सुमारे सव्वातीन सेंमी. उलट बाजूनेही. पहाटे पाचला ६० भरून शेड बंद करून गेलास आणि दुपारी पत्रा पंधरा अंशांनी तापला, तर नळी शंभराच्या पुढे जाईल. संध्याकाळी भरलंस हे नशीब.

मोजपट्टी | सोमवार, १०:२०

@हवापाणी यांच्या हिशोबात एक भर. बाहेरचा हवेचा दाब स्थिर नसतो. आपल्या पट्ट्यात तो रोज सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सगळ्यात कमी असतो, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. एक हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याचा एक सेंमी. दहाला भरून चारला बघितलं, तर तापमान तेच असूनही नळी तीन-चार सेंमी वर चढलेली दिसेल आणि तेवढीच गळती झाकली जाईल. म्हणून चोवीस तासांची चाचणी, पहाटे ते पहाटे. तापमानही जवळपास तेच, दाबाची वेळही तीच.

थर्मामीटर पत्र्यालाच चिकटवा, वरून थर्मोकोलचा तुकडा लावा. शेडमधल्या हवेचं तापमान उपयोगाचं नाही.

रंकाळा_वारा | सोमवार, १०:४५

एवढं गणित नको असेल तर फुगा लावा. टाकीच्या व्हेंटला (हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीला) फुगा बांधायचा, दुसऱ्या दिवशी फुगलेला असला की पास. जगभर लोक हेच करतात.

हवापाणी | सोमवार, ११:१०

फुगा सुरक्षित आहे, हे खरं. साध्या फुग्यातला दाब २०–३० सेंमीच्या आसपास राहतो, त्यामुळे टाकी फाटण्याची भीती नाही. पण त्यात दोन गोष्टी लपतात. फुग्याचं रबर स्वतः हवा सोडतं, दुसऱ्या दिवशी मऊ पडलेला फुगा टाकीबद्दल काही सांगत नाही. आणि फुगा दाब जवळपास एकसारखा ठेवतो, आकार बदलतो. अर्धा लिटर हवा कमी झालेली डोळ्याला कळत नाही.

नळीत किती कळतं ते बघ. सत्तर लिटरच्या टाकीतून १ सेंमी दाब जायला सुमारे ७३ मिलिलिटर हवा जावी लागते. उजवीचे १९ सेंमी म्हणजे बारा तासांत जवळजवळ १.४ लिटर. तीन मिलिमीटरचा बुडबुडा धरला तर सेकंदाला दोन-तीन बुडबुडे. एवढी गळती साबणाच्या पाण्याला नक्की सापडते. रिव्हेट काढायची वेळ आलेली नाही.

फ्लाइंग_चप्पल | सोमवार, दुपारी १२:३०

पण साडेतीन पीएसआयचं काय? छोट्या विमानांच्या अमेरिकन नियमात, भाग २३ मध्ये, टाकीसाठी साडेतीन पीएसआय स्पष्ट लिहिलं होतं. मग आपण एका पीएसआयच्या आत का थांबायचं? उडताना गुरुत्वाचा भार वाढतो, पेट्रोल भिंतीवर आपटतं.

तासगाव_पूर्व | सोमवार, १:१५

@फ्लाइंग_चप्पल, तो परिच्छेद पूर्ण वाचायला हवा. साडेतीन पीएसआय ही अट नेहमीच्या सुट्या धातूच्या टाकीला होती, म्हणजे वेल्ड करून बनवलेली आणि विमानात पट्ट्यांनी बसवलेली. पंखाचाच भाग असलेल्या टाकीला वेगळी अट: भरलेल्या टाकीवर कमाल भार आला की जो दाब तयार होतो तो, आणि सोबत पंखावरचे भार. शिवाय ती रचना सिद्ध करायची चाचणी आहे. आपण शोधतोय सीलंटमधली फट.

आता आकडे. या टाकीची मागची भिंत साधारण २० सेंमी उंच, १२० सेंमी लांब धरू, २४०० चौरस सेंमी. ७० सेंमी पाणी, म्हणजे एक पीएसआय, याचा भार १६८ किलो. साखरेची तीन पोती त्या पातळ भिंतीवर रेलून ठेवल्यासारखं. साडेतीन पीएसआयला तोच भार ५९० किलो, जवळजवळ बारा पोती. भिंत टिकेलही, पण फुगून सीलंटची कड पत्र्यापासून सुटेल. चाचणीनेच गळती तयार होईल.

विमानाच्या आराखड्यासोबत टाकीचा चाचणी-दाब दिलेला असेल तर तोच पाळायचा. दिलेला नसेल तर ४० सेंमी पुरे, ७० च्या वर कधीच नाही.

फ्लाइंग_चप्पल | सोमवार, १:४०

ताई, मान्य. 'सुट्या टाकीला' हा भाग नजरेतून सुटला होता.

उद्यमनगर_लेथ | सोमवार, २:०५

कंप्रेसर कुणी लावू नका हे मोठ्या अक्षरात लिवा. गॅरेजच्या कंप्रेसरवर आठ किलोचा दाब असतोय. रेग्युलेटर बारीक फिरवला तरी त्याच्या काट्याची पहिली रेघच एक-दोन पीएसआयची. काटा हालला म्हणेपर्यंत टाकी फुगून ढमढोल.

सायकलचा हातपंप घ्या. त्याच्या एका ठोशात पाव लिटरच्या आत हवा जाते. सत्तर लिटरच्या टाकीला ४० सेंमी दाब चढवायला तीनेक लिटर हवा लागतीय, म्हणजे बारा-पंधरा ठोसे. पंचवीस ठोसे मारून पण नळी हालली नाही तर कुठलं तरी बूच राहिलंय.

जोड असा करून घ्या: पितळेचा तुकडा, एका अंगाला १/८ एनपीटी (पाइपचे निमुळते) आटे, दुसऱ्या अंगाला नळी खुपसायला खाचांचं टोक. खालचा ड्रेन (तळाचं पाणी काढायचा व्हॉल्व्ह) काढून त्या जागी बसतोय. त्याला टी, टी ला एकीकडं यू-ट्यूब, दुसरीकडं छोटा कॉक आणि मग पंप. सायकलच्या व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, त्याची पिन हवा सोडते. भरलं की कॉक बंद. नळीवर प्रत्येक ठिकाणी क्लिप.

मोजपट्टी | सोमवार, २:३०

यू-ट्यूबबद्दल. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी उत्तम, तीन मीटर घ्या. फळीवर यू आकारात ठोका, मध्ये मोजपट्टी चिकटवा. पाण्यात निळीचा एक थेंब टाका, नाहीतर पाण्याची रेघ दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नळीची उघडी बाजू स्थिर पाण्याच्या पातळीपासून फक्त ३७ सेंमी वर ठेवा, उरलेली कापून टाका. पाण्यातला फरक ७४ सेंमी झाला की पाणी उघड्या तोंडातून सांडतं आणि मागोमाग हवा निघून जाते. नळीच सेफ्टी व्हॉल्व्ह होते. ऊन आलं, पंप जास्त मारला, कुणी विसरलं, तरी टाकी वाचते. टाकीकडच्या बाजूलाही पातळीच्या खाली ४० सेंमीच नळी ठेवा, जास्त नको.

रंकाळा_वारा | सोमवार, २:४१

तांबडं पाणी जास्त उठून दिसेल की. फक्त रस्सा ओतू नका, तवंगामुळं रेघ कळत नाही! 😄

पत्रा_आणि_रिव्हेट | सोमवार, सायंकाळी ५:००

सगळ्यांचे आभार. डावीचा जीव भांड्यात पडला. आता उजवीत गळती शोधायची. साबण कुठला, कसा लावायचा?

कॉर्क_गास्केट | सोमवार, ६:२०

साबण लावण्याआधी बुचं तपास. बरीचशी गळती टाकीत नसते, तात्पुरत्या बुचांत असते. क्रम असा:

पेट्रोल बाहेर जाण्याचं तोंड: ३७ अंशांच्या फ्लेअरची धातूची टोपी लाव. रबरी नळी दुमडून बांधणं नको. व्हेंट: तसंच. वरचं झाकण: त्यावर चिकटपट्टी लावून भागत नाही, पट्टीच्या सुरकुतीतून हवा जाते. झाकणाची खोलगट जागा पाण्याने भर, दोन मिनिटं एकटक बघ. बुडबुडा आला तर ओ-रिंग बदल. ही 'टाकीची' गळती नाही म्हणून सोडू नकोस. उडताना पंखाच्या वर दाब कमी असतो, झाकण सैल असेल तर पेट्रोल वर ओढलं जातं. आणि उभ्या विमानात जुलैचा पाऊस त्याच झाकणातून आत उतरतो.

मग पेट्रोल-काट्याच्या सेंडरची (टाकीतली पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाची) चकती. तिचे स्क्रू ज्या नटप्लेटमध्ये (पत्र्याला आतून जडवलेल्या नटमध्ये) जातात त्या आरपार असतील तर हवा आट्यांतून बाहेर येते, कॉर्क कितीही चांगला असला तरी. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर साबण लाव. कॉर्क गास्केट कोरडं बसवलं असेल तर काढून सीलंटवरच चकती बसव आणि स्क्रूचे आटेही सीलंटमध्ये बुडव.

हे सगळं कोरडं निघालं तरच सांधे.

वांगी_बोळ | सोमवार, ६:५०

साबणाऐवजी रिठ्याचं पाणी? फेस छान येतो, घरचं आहे.

तासगाव_पूर्व | सोमवार, ७:३०

रिठा चालेल, फेस टिकतो. पण ते पाणी किंचित आम्लधर्मी असतं, आणि भांड्यांच्या लिक्विडमध्ये मीठ असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यात दोन्ही नकोत. लहान मुलांचा सौम्य शाम्पू, एक भाग शाम्पू वीस भाग स्वच्छ पाणी. चाचणी झाली की दोनदा साध्या पाण्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने.

लावताना ब्रश घासू नका. घासलं की ब्रशचाच फेस होतो आणि खरा बुडबुडा त्यात हरवतो. मऊ ब्रशने एकदाच ओढा, फेस उठला तर फुंकर मारून मोडा आणि बघत राहा. मोठ्या गळतीचा बुडबुडा लगेच फुगतो. बारीक गळती वेगळी दिसते: रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी काहीच नसतं, पाच-सात मिनिटांनी आंबलेल्या पिठासारखा पांढरा, अगदी बारीक दाणेदार फेस कडेने वर येतो, मोहरीएवढा. टॉर्च वरून नको, बाजूने आडवी धरा, तेव्हाच दिसतो. एकेका हातभर सांध्याला दहा मिनिटं द्या.

सगळ्यात आधी मागच्या भिंतीचे कोपरे बघा, जिथे पत्रा, रिब (पंखाची आतली बरगडी) आणि भिंत तिन्ही एकत्र येतात. शेवटी भिंत बंद करताना तिथे आत बघता येत नाही, म्हणून सीलंट तिथेच कमी पडतं. त्यानंतर मागच्या भिंतीवरचे ब्लाइंड रिव्हेट (एकाच बाजूने बसवायचे): ते बंद टोकाचे हवेत. उघड्या टोकाचे असतील तर खिळ्याच्या भोकातून हवा सरळ येते.

शिरोली_साचा | सोमवार, ८:१५

आमच्याकडं वेल्डिंग तपासायला रॉकेल आणि चुना वापरतात. एका बाजूला चुन्याचा हात, दुसऱ्या बाजूनं रॉकेल. अर्ध्या तासात चुन्यावर काळपट डाग. हवेला न सापडणारी फट रॉकेलला सापडते.

कॉर्क_गास्केट | सोमवार, ८:४०

वेल्ड केलेल्या टाकीला ती पद्धत फार चांगली, नाहीतर तुमच्याकडचं लाल डाय पेनिट्रंट. पण रिव्हेटच्या टाकीला नाही. रॉकेल एकदा पत्र्यांच्या फटीत गेलं की तो सांधा तेलकट, त्यावर नवं सीलंट चिकटत नाही. म्हणूनच क्रम ठरलेला: आधी हवा, दुरुस्ती, पुन्हा हवा, आणि सगळ्यात शेवटी पेट्रोल.

पत्रा_आणि_रिव्हेट | मंगळवार, सकाळी ९:३०

सापडली. ४० सेंमी दाबावर बुचं, झाकण, सेंडर कोरडे. मागच्या भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात, शेवटच्या रिबच्या टोकाला, वाटाण्याएवढे बुडबुडे. आणि त्याच्यापासून चार रिव्हेट पुढे तसा दाणेदार फेस. दोन गळत्या?

तासगाव_पूर्व | मंगळवार, १०:००

बहुधा एकच. हवा आतून जिथे शिरते तिथूनच बाहेर येईल असं नसतं. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीतून ती सरकत जाते आणि जिथे वाट मिळेल तिथे निघते. चार रिव्हेट म्हणजे दहा सेंमी, तेवढं सहज सरकते. म्हणून बाहेरून बुडबुड्यावर सीलंट थापण्यात अर्थ नाही. ती वाट बंद केली की हवा शेजारच्या रिव्हेटमधून निघेल. फट आतून, शिरण्याच्या जागी बंद करायला हवी.

रंकाळा_वारा | मंगळवार, १०:२०

टाकीत स्लॉश (आतून थर बसवणारं पातळ सीलंट) ओतून, टाकी सगळीकडे फिरवून काढून टाकलं तर? आतून एकसारखा थर बसतो, हात घालायची गरज नाही.

हवापाणी | मंगळवार, १०:५०

नको. विमान बांधणाऱ्यांना या पद्धतीने जुना त्रास दिला आहे. थर काही वर्षांनी सुटतो, पापुद्रे पेट्रोलच्या तोंडावरच्या जाळीत जाऊन बसतात आणि इंजिन उपाशी राहतं. त्यात आता पंपावरचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. टाकीच्या थेंबभर गळतीपेक्षा जाळी तुंबणं कितीतरी वाईट.

उद्यमनगर_लेथ | मंगळवार, ११:१०

ह्ये १०० टक्के बरोबर. सुटलेला पापुद्रा काढायला परत टाकी उघडावीच लागतीया.

कॉर्क_गास्केट | मंगळवार, ११:४५

नशीब चांगलं आहे. आतला कोपरा म्हणजे सेंडरच्या चकतीच्या भोकातून हात पोचतो. मागची भिंत शाबूत राहील. करायचं असं:

आरसा आणि छोटा दिवा घालून आधी तो कोपरा बघ. तिथे सीलंटमध्ये टाचणीएवढं भोक किंवा कडेला सुटलेला ओठ दिसेल. जुनं सीलंट धारदार प्लास्टिक किंवा लाकडाच्या पट्टीने कापून काढ. पोलादी ब्लेड नको, पत्र्यावर ओरखडा पडला की पुढे तिथून तडा. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूला पाच सेंमी मोकळे कर. बारीक स्कॉचब्राइटने उजळ, मग एमईकेने (मिथाइल इथाइल कीटोन, मळ काढणारं द्रावक) पूस. फडकं ओलं करून पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. हवेत वाळू दिलंस तर मळ परत तिथेच बसतो. फडकं पांढरं निघेपर्यंत. टाकीत हात घालून एमईके वापरताना पंखा लाव आणि नायट्राइल नव्हे, ब्यूटाइल हातमोजे घाल. नायट्राइल त्यात टिकत नाही.

मिश्रण वजनाने, आकारमानाने नाही. नेहमीच्या बी-२ सीलंटला दहाला एक: ३० ग्रॅम पांढरं (मूळ सीलंट), ३ ग्रॅम काळं (ते घट्ट करणारं). स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमचा असतो, इथे तो तीनातली एक चूक करेल. गुजरीतल्या सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा घे. काचेवर पसरवून घोट. एकही पांढरी-काळी रेघ दिसता कामा नये, सगळं एकसारखं करडं.

मोजपट्टी | मंगळवार, १२:१०

वेळेचं भान ठेव. बी-२ वर लावण्यासाठी दोन तास लिहिलेले असतात ते २५ अंश आणि ५० टक्के दमटपणाला. दहा अंश वाढले की वेळ अर्धा. दुपारच्या शेडमध्ये तासभरही मिळणार नाही. पहाटे कर. पावसाळ्यात दमटपणामुळे आणखी लवकर धरतं.

प्रत्येक घाण्यातलं थोडं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर लावून ठेव, तारीख आणि वेळ लिहून. पट्टीवरचं नखाला दबत असेल तर टाकीतलंही कच्चं आहे.

कॉर्क_गास्केट | मंगळवार, १२:३०

लावताना आधी ताठ ब्रशने पातळ हात, फटीत कोंबून. मग सिरिंजने जाड ओळ, पाच-सहा मिलिमीटर रुंद, आणि आइस्क्रीमच्या काडीने एकदाच ओढून गोलाई. पुन्हा पुन्हा ओढलं की आत हवेचे बुडबुडे अडकतात, तीच पुढची गळती.

फ्लाइंग_चप्पल | मंगळवार, १:००

लावताना टाकीत उलटा दाब, म्हणजे बाहेरून आत ओढ दिली तर सीलंट फटीत शिरत नाही का?

तासगाव_पूर्व | मंगळवार, १:२५

ते एखादा रिव्हेट पाझरत असेल आणि आत हात पोचत नसेल तेव्हा. बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर पातळ सीलंट आणि आतून १०–१५ सेंमीची ओढ, त्याहून जास्त नाही. पातळ पत्रा फुगण्यापेक्षा आत बसायला लवकर तयार होतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, तो तोंड बंद केल्यावर दीडशे-दोनशे सेंमी ओढतो. इथे आतून हात पोचतो, तेव्हा गरज नाही.

वांगी_बोळ | मंगळवार, रात्री ९:००

विषयांतर: इथेनॉलचा उल्लेख आला म्हणून. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांचं इथेनॉल विमानाला चालतं का?

हवापाणी | मंगळवार, ९:३५

इंजिनावर अवलंबून. रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंत मान्यता, पंपावरचं वीस टक्के. म्हणून १०० एलएल एव्हगॅस, म्हणजे इथेनॉल नसलेलं विमानाचं पेट्रोल. इंडियन ऑइल २०२२ पासून ते देशात बनवतं. तपासायचं असेल तर १०० मिलिच्या मापनळीत १० पाणी, ९० पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेव. खालचा पाण्याचा थर दहाच्या वर गेला तर इथेनॉल आहे, पाण्याने ते ओढून घेतलं. टाकीच्या झाकणाची ओ-रिंग निवडतानाही हे बघ, साधं नायट्राइल इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगतं.

पत्रा_आणि_रिव्हेट | पुढचा मंगळवार, सकाळी ६:३०

कोपऱ्यात टाचणीएवढं भोक होतं, ओठ दीड सेंमी सुटलेला. सांगितल्याप्रमाणे केलं, पाच दिवस वाळू दिलं. नमुन्याची पट्टी कडक.

उजवी टाकी: काल सकाळी ६ वाजता ४० सेंमी, पत्रा २२.०. आज सकाळी ६ वाजता ४१.५, पत्रा २२.५. चार रिव्हेट पुढचा फेसही बंद.

हवापाणी | पुढचा मंगळवार, ७:००

अर्ध्या अंशाला १.७ वाढायला हवे होते, १.५ वाढले. उरलेला फरक मोजपट्टी वाचण्यातला. टाकी घट्ट आहे. तारीख, दाब, तापमान, नळीचा फोटो नोंदवहीत घाल, तपासणीला उपयोगी पडेल.

कॉर्क_गास्केट | पुढचा मंगळवार, ७:४०

अभिनंदन! आता पेट्रोलची पाळी. टाकी आणि डबा तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडून मग ओत. पंख विमानावर बसल्यावर उडण्याच्या कोनात विमान सरळ कर आणि पाच-पाच लिटरने भर, म्हणजे काट्याच्या खुणाही त्याच वेळी होतील. खाली पांढरा कागद अंथर. एव्हगॅस निळं असतं; पाझरलं तर पेट्रोल उडून जातं पण रिव्हेटभोवती निळसर कडा राहते. चार दिवस भरलेलं ठेव, रोज बोट फिरवून बघ. व्हेंट मात्र उघडा.

उद्यमनगर_लेथ | पुढचा मंगळवार, ८:१०

त्यावरनं आठवलं. व्हेंटचं बूच काढलंस का? बंद व्हेंटवर पेट्रोल ओढलं की टाकी आत बसते न्हाईतर इंजिन बंद. एका टाकीला तीन बुचं हुती, दोन्हीची सहा. मोजून घे.

पत्रा_आणि_रिव्हेट | पुढचा मंगळवार, ८:२५

सहाही मोजली. प्रत्येकाला लाल चिंधी बांधून फळीवरच्या खिळ्याला लटकवली आहेत.